पोराबाळांसह केळकर संग्रहालयात



पुण्याला आपले जाणे-येणे नेहमीचेच. कोणी माल घेऊन मार्केट यार्डात जातो, कोणी दवाखान्यासाठी जातो, कोणी लग्नाचा बस्ता बांधायला लक्ष्मी रस्त्याला जातो. डिसेंबरात मोशीला कृषिप्रदर्शन भरते तेव्हा तर गावोगावच्या गाड्या भरून येतात. काम उरकले की दगडूशेठच्या गणपतीचे दर्शन, बायकांची तुळशीबागेत खरेदी, वेळ उरलाच तर शनिवारवाडा, आणि संध्याकाळची एसटी. बरोबर आणलेली लहान मुले या धावपळीत नुसती हाताला धरून ओढली जातात. घरी आल्यावर पोराला विचारावे, "काय रे, पुण्यात काय पाहिलंस?" तर ते म्हणते, "लई गाड्या!"

पुढच्या खेपेला एवढे करा. दोन तास राखून ठेवा आणि मुलांना घेऊन राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. बाजीराव रस्त्यालगत, शुक्रवार पेठेत, नातूबागेजवळ ते आहे. स्वारगेटच्या एसटी स्थानकापासून रिक्षाने थोडाच रस्ता आहे. महात्मा फुले मंडईत काम असेल तर तिथून चालतही जाता येते.

आता तुम्ही म्हणाल, "साहेब, कलेचं-बिलेचं ते शिकलेल्या लोकांचं काम. आम्हांला त्यातलं काय कळतंय? आणि बारक्या पोरांना तर काय कळणार?" शेतकरी सहलीत हा प्रश्न मला दरवेळी ऐकावा लागतो. कलेचा जाणकार मीही नाही. मी बी.एस्सी. ॲग्री झालेला पंचायत समितीतला विस्तार अधिकारी. माती, बियाणे आणि पिकावरची कीड हा माझा विषय. पण आयुष्यभर मी एक काम मन लावून केले आहे. शेतकऱ्याबरोबर बांधावर उभे राहायचे आणि म्हणायचे, "हे पान पाहा. आता शेजारचं पान पाहा. काय फरक दिसतो?" संग्रहालयात याहून वेगळे काही करायचे नसते. दोन वस्तू शेजारी शेजारी पाहायच्या आणि फरक शोधायचा.

ही नजर शेतकऱ्याच्या पोराला कोणी शिकवावी लागत नाही. सहा वर्षांचे पोर लांबून येणारी गाय चालीवरून ओळखते, कोणाच्या बैलाची शिंगे कशी वळलेली आहेत हे सांगते, आंब्याचे झाड नुसत्या पानाच्या वासावरून ओळखते. शहरातल्या मुलाला जे चित्रात दाखवून शिकवावे लागते, ते आपल्या मुलाने अंगणात पाहिलेले असते. मग दारात बुजून उभे राहायचे कारण काय?

हा 'राजा' कोण?

संग्रहालयाचे नाव ऐकून पुष्कळांना वाटते, की कोणा संस्थानिकाने आपला खजिना येथे मांडला असेल. तसे नाही. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे पुण्यातले चष्म्यांचे दुकानदार होते. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविताही करीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमविण्याचा नाद लागला, आणि तो पुढे आयुष्यभर सुटला नाही. वस्तूंच्या शोधात ते गावोगाव हिंडले, मोडकळीला आलेले वाडे आणि जुने बाजार त्यांनी पालथे घातले. पत्नी कमलाबाईंची या कामात त्यांना मोलाची साथ होती. १९६० पर्यंत वस्तूंची संख्या पंधरा हजारांच्या घरात गेली. १९६२ साली संग्रहालय उभे राहिले आणि १९७५ साली केळकरांनी हा सगळा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज संग्रहात वीस हजारांवर वस्तू आहेत. त्यांतल्या सुमारे अडीच हजार लोकांसाठी मांडलेल्या आहेत.

आणि राजा? राजा हा केळकरांचा मुलगा. तो बालवयातच गेला. त्याच्या स्मरणार्थ बापाने या घराला त्याचे नाव दिले. म्हणजे दारावरचे पहिले नाव एका लहान मुलाचे आहे. या संग्रहालयावर पहिला हक्क लहान मुलांचा, असे मला म्हणूनच वाटत आले आहे.

काय दाखवाल?

या संग्रहालयाचे वैशिष्ट्य असे, की इथल्या पुष्कळशा वस्तू राजेरजवाड्यांच्या नाहीत. त्या रोजच्या संसारातल्या आहेत. समया, अडकित्ते, पानाचे डबे, दौती, कुलुपे, भांडी, कोरीव दरवाजे, सोंगट्या, बाहुल्या. बहुतेक वस्तू अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या. आपल्या पणजोबांच्या आणि त्यांच्याही आधीच्या पिढ्यांच्या हातांतून गेलेल्या. तेव्हा मुलांना सुरुवात ओळखीच्या वस्तूंपासून करून द्यावी.

अडकित्ते पाहा. सुपारी कातरायला दोन पाती आणि एक खिळ पुरे. पण इथे कुठे पोपट आहे, कुठे मोर, कुठे घोडा, कुठे नवरा-बायकोची जोडी. मुलाला विचारा, "दातानं न फुटणारी सुपारी अडकित्त्यानं कशी फुटते रे?" पहारीने धोंडा हलवताना आपण दांडा लांबवर धरतो, तेच तत्त्व इथे आहे. सुपारी खिळीजवळ ठेवायची आणि जोर लांबच्या टोकाला लावायचा. मग दुसरा प्रश्न, "आणि मोर कशाला काढला?" या प्रश्नाला पुस्तकातले उत्तर नाही. पोराला विचार करू द्या.

वज्री पाहा. आंघोळीच्या वेळी टाचा घासायचे हे साधन. काम तळाच्या खरखरीत भागाचे, पण वरच्या मुठीवर कारागिराने पशुपक्षी बसवले आहेत. दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्या बाईच्या भेगाळलेल्या टाचेसाठीही कोणी एवढी हौस करीत असे, हे पाहून मला नवल वाटते.

दिवे पाहा. देवापुढची समई, साखळीला टांगलेला लामणदिवा, हातात पणती धरून उभी असलेली दीपलक्ष्मी. इथे आपल्याला मुलांना शेतीचाही एक धडा देता येतो. रॉकेल आणि वीज येण्यापूर्वी हे दिवे कशावर जळत? करंज, एरंडी, तीळ, करडई यांच्या तेलावर. म्हणजे गावातला उजेड गावच्याच शिवारात पिकत असे.

असा पितळी दिवा कसा घडत असे, तेही मुलांना सांगण्यासारखे आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. ओतीव मूर्तीच्या कामात कारागीर आधी मेणाची वस्तू घडवी. तिच्यावर मातीचे थर देई. वाळल्यावर ते तापवी, की आतले मेण वितळून भोकातून बाहेर पडे आणि पोकळी राही. त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा आणि निवल्यावर माती फोडायची. साचा फुटला म्हणजे तशीच दुसरी वस्तू निघत नाही. दुसऱ्या दिव्यासाठी पुन्हा मेणापासून सुरुवात. पोरांना हे सांगितले की ती शेजारशेजारचे दोन दिवे डोळे बारीक करून न्याहाळू लागतात. मोराच्या मानेचा बाक इथे थोडा जास्त, तिथे थोडा कमी. वाणांची तुलना करताना शेतकऱ्याकडून मी जे करून घेतो, ते ही मुले कोणी न सांगता करतात.

शिवाय वाद्यांचे दालन आहे. दारावर येणाऱ्या लोकांची वाद्ये आणि दरबारातली वाद्ये तिथे एकाच छताखाली भेटतात. चित्रकथी परंपरेची चित्रे आहेत. रामायण-महाभारतातला एकेक प्रसंग दाखवीत रात्रभर कथा सांगणाऱ्यांची ही चित्रे. आणि मस्तानी महाल आहे. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी कोथरूडला मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे अवशेष आणून तो इथे पुन्हा उभा केला आहे. तिथे मोठी माणसे रमतात. लहानांना दिवे आणि अडकित्तेच जास्त आवडतात. आवडू द्यावेत.

आजीला मागे ठेवू नका

काही वर्षांपूर्वी मोशीचे प्रदर्शन पाहायला आमच्या भागातला एक शेतकरी गट सहकुटुंब आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सर्वांना केळकर संग्रहालयात घेऊन गेलो. त्यांत पंचाहत्तरीच्या एक आजी होत्या आणि त्यांचा तिसरीतला नातू. आजी दारातच म्हणाल्या, "मी हितंच पायरीवर बसते. मला वाचता येत न्हाई, मी आत जाऊन काय करू?" सुनेने हाताला धरून त्यांना आत आणले.

स्वयंपाकघरातल्या वस्तूंपाशी शेवया पाडायचा एक जुना साचा होता. नातू पाटीवरची अक्षरे जुळवीत होता. पाटीवर वस्तूचे नाव मिळत होते, पण ती चालते कशी हे कळत नव्हते. आजी पुढे झाल्या आणि हातवारे करून सांगू लागल्या. पीठ किती घट्ट भिजवायचे, ते किती वेळ मुरू द्यायचे, दाबताना एकीने साचा कसा धरायचा आणि दुसरीने खालून शेवया अलगद कशा झेलायच्या, त्या बाजेवर कशा वाळत घालायच्या, आणि चैत्रातल्या उन्हात पाखरांना हाकायला पोरांना कसे बसवायचे. बोलता बोलता आजींचा आवाज चढला. शहरातली दोन-तीन कुटुंबे येऊन भोवती उभी राहिली. एका शिकलेल्या बाईंनी विचारले, "आजी, मैदा घ्यायच्या का?" आजी म्हणाल्या, "मैदा कुठला बाई, घरच्या गव्हाचा रवा." शहरातली चार माणसे आपल्या आजीला प्रश्न विचारताहेत, हे नातू तोंड उघडे टाकून पाहत होता. त्या दिवसापर्यंत त्याच्या लेखी आजी म्हणजे मोबाइल लावता न येणारी म्हातारी होती.

पुढे अडकित्त्यांच्या कपाटापाशी आजी एकदम थांबल्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "असला आपल्याकडं होता. तुझ्या पणज्याचा. वर पोपट होता." नातवाने विचारले, "मग आता कुठाय?" आजी म्हणाल्या, "स्टीलचं पिंप घेतलं तवा मोडीत घातला. वजनावर." नातू म्हणाला, "मग त्यो पोपट?" आजी काही बोलल्या नाहीत. सून काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

यात आजींचा दोष कोणी काढू नये. घरात पाणी साठवायला पिंप हवे होते, आणि ते त्या अडकित्त्यापेक्षा गरजेचे होते. पण मोडीच्या काट्यावर पितळेचे वजन होते, पोपटाचे होत नाही. घरात ज्याला हे कळते असे एक तरी माणूस असावे. ते लहान असेल तर फारच चांगले, कारण त्याच्यापुढे अजून पुष्कळ वर्षे आहेत.

मुलांना नेताना

आता थोड्या कामाच्या सूचना.

पहिली : मुलांना भुकेल्या पोटी नेऊ नका. आधी न्याहरी, मग संग्रहालय. शक्य तो सकाळी जा. दुपारी मुलेही पेंगतात आणि आपणही.

दुसरी : सगळे पाहायचा हट्ट धरू नका. मांडलेल्या वस्तू अडीच हजार. एकेका वस्तूला एक मिनिट दिले, तरी चाळीस तासांहून जास्त लागतील! लहान मुलाला पाच वस्तू पुरेत. दाराशीच सांगावे, "आज आपण पाच वस्तू घरी न्यायच्या, पण डोळ्यांत भरून." मग ते स्वतः निवडते. त्याने निवडलेल्या वस्तूपाशी तुम्ही थांबा. त्याला ओढून पुढे नेऊ नका.

तिसरी : हात लावू नये, हे दरडावून न सांगता कारण देऊन सांगा. घामाने धातू काळवंडतो, रंग निघतात. उगवणशक्ती पाहायला ओल्या गोणपाटात बी गुंडाळून ठेवतो, तेव्हा पोर दर तासाला ते उकरून पाहू लागले तर कोंब मोडतो. हे आपल्या मुलाला ठाऊक असते. "तसंच हे" म्हटले की समजते. हात मागे बांधून चालायची शर्यत लावली तर फारच उत्तम.

चौथी : पाट्या वाचून दाखवीत बसू नका. आधी विचारा, "हे कशाचं असेल?" मुलाने सुचेल ते सांगावे. मग पाटी पाहावी. आमच्याच सहलीत एका मुलाने पितळी नंदी पाहून ठासून सांगितले, "ह्याचं वशिंड बरोबर काढलंय, पण पाय आखूड झाल्यात." मूर्ती घडविणाऱ्या कारागिराला असा पारखी पाहून आनंदच झाला असता.

पाचवी : मुलगा कंटाळला तर बाहेर या. तासाभराने निघालात तरी काही बिघडत नाही. कंटाळलेल्या मुलाला फिरवत राहिलात तर ते पुन्हा कधी संग्रहालयाचे नाव काढणार नाही.

सहावी : मोबाइल खिशात ठेवा. फोटो काढायचा नादच असा, की आपण काढतो आणि पाहत मात्र नाही. सुटीचे दिवस, वेळ आणि तिकिटाचा दर निघण्यापूर्वी विचारून घ्या.

बाहेर पडल्यावर जवळच सारसबाग आहे. तिथल्या तळ्यातल्या गणपतीचे दर्शन घ्यावे, झाडाखाली बसून घरची भाकरी सोडावी, मुलांना हुंदडू द्यावे. अंगात उत्साह उरला असेल तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत डोकवा. तिथे आजही तांब्याची भांडी ठोकून घडवली जातात. भांड्याला मजबुती यावी आणि चकाकी यावी म्हणून हातोडीने एकसारखे ठोके देतात, त्याला मठारकाम म्हणतात. संग्रहालयात कपाटात गप्प बसलेली विद्या इथे ठणठण आवाज करताना मुलांना ऐकू येते.

खर्चाचे म्हणाल, तर पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे आणि महिलांना २०२३ पासून निम्मे तिकीट आहे. तेव्हा आजीला घरी ठेवायला पैशाचे कारण उरलेले नाही.

घरी आल्यावर

संग्रहालयाचे खरे काम आपण गावी परतल्यावर सुरू होते. त्या रविवारी मुलांना घेऊन माळ्यावर चढा. काय काय निघते ते पाहा. गंजलेला अडकित्ता, फुटकी समई, पाभरीचे चाडे, धान्य मोजायचे माप, आजोबांच्या बैलाचे घुंगूर, पणजीचा करंडा. चिंच लावून पितळ घासायचे काम मुलांना द्या. काळ्या पितळेखालून सोन्यासारखा रंग निघू लागला की ती हटत नाहीत.

मग एक वही करा. प्रत्येक वस्तूपुढे चार गोष्टी लिहायच्या : नाव काय, कोणी आणली, कोणत्या कामाची, आणि कोणी घडवली. शेवटच्या प्रश्नाला गावातल्या सुताराचे, लोहाराचे, कासाराचे नाव आठवते का ते आजी-आजोबांना विचारायचे. हे विचारण्याचे काम लांबणीवर टाकू नका. वस्तू माळ्यावर पन्नास वर्षे पडून राहील. तिची गोष्ट सांगणारे माणूस तेवढे थांबणार नाही. केळकर संग्रहालयात शेकडो सुंदर वस्तू आहेत, पण त्या घडविणाऱ्या बहुतेकांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. निदान आपल्या घरच्या वस्तूंच्या बाबतीत तरी तसे होऊ नये.

त्या नातवाने अशी वही केली आहे. पंचायत समितीच्या कामाने मी त्या गावी गेलो तेव्हा त्याने ती मला दाखवली. पहिल्याच पानावर अडकित्त्याचे चित्र आहे. आजीने सांगितला तसा, वर पोपट. खाली लिहिले आहे, 'हा आता नाही.' त्यापुढच्या पानांवर घरात असलेल्या अकरा वस्तू आहेत.

आपण जुन्याला कवटाळून बसावे असे माझे म्हणणे नाही. मिक्सर आला, पाट्यावरचे वाटण गेले, बाईच्या खांद्याला आराम मिळाला. हे चांगलेच झाले. नवे वाण आले तेव्हाही मी तुम्हांला ते घ्या म्हणूनच सांगत आलो. पण नवे वाण घेताना जुन्याचे मूठभर बी शहाणा शेतकरी गाडग्यात राखून ठेवतो, कारण त्यात काय गुण आहे ते उद्या कळेल. घरातल्या वस्तूंचेही तसेच. सगळे ठेवायला जागा नसते. दोन-चार ठेवावे, समजून उमजून ठेवावे.

तेव्हा मंडळी, यंदा पुण्याला जाल तर दोन तास काढा. आणि पुढे कधी नवे भांडे घेताना जुने पितळ मोडीत घालायची वेळ आली, तर काट्यावर ठेवण्याआधी ते घरातल्या सगळ्यांत लहान पोराच्या हातात द्या. ते उलटसुलट करून पाहील, काहीतरी विचारील. त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्या आणि मग काय ते ठरवा.